उंबरठ्याच्या अलीकडची चंचलता
अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकाराचे, म्हणजेच एडीएचडीचे, निदान होण्यासाठी अवधान-न्यूनता किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातील ९ पैकी किमान ६ लक्षणे मुलात ६ महिने टिकावी लागतात आणि त्यांतील काही घर व शाळा अशा दोन ठिकाणी दिसावी लागतात. ४-५ लक्षणांचे मूल या उंबरठ्याच्या अलीकडेच राहते. वास्तविक ही लक्षणे रक्तदाबाप्रमाणे कमी-अधिक प्रमाणात सर्वांतच असल्याने ही रेषा निसर्गाने नव्हे, तर वैद्यकाने सोयीसाठी आखलेली आहे. निदान नसल्यामुळे अर्धवट वही आणि विसरलेला डबा यांचे खापर ‘आळशी’, ‘वांड’ अशा विशेषणांनी मुलाच्याच माथी फुटते. अशा मुलाला बहुधा औषधापेक्षा पहिला बाक, एका वेळी एकच सूचना, पुरेशी झोप आणि तत्काळ शाबासकी यांची गरज अधिक असते.