भोळा निवेदक आणि विनोदाचा वारसा : चिमणरावाचा एक तौलनिक विचार

विनोदकार लोकप्रिय झाला की त्याच्या शैलीपेक्षा त्याची पात्रेच वाचकांच्या स्मरणात अधिक राहतात. चिंतामण विनायक जोशी यांच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही नावे ज्यांनी जोशींचे एकही पुस्तक वाचलेले नाही, त्यांनाही ठाऊक असतात. ही लोकप्रियता त्या लेखनाचे मर्म जतन करते की झाकून टाकते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

जोशींचा जन्म १८९२ मध्ये पुण्यात झाला. धर्मानंद कोसंबी यांच्या प्रभावळीत त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि पुढे बडोदे येथे अध्यापनात दीर्घ काळ घालविला. ‘सद्धम्मप्पकासिनी’ या अट्ठकथेची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने प्रसिद्ध केली. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२), ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ (१९३३), ‘वायफळाचा मळा’ (१९३६) हे विनोदी संग्रहही त्याच कालखंडातले. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. शब्दाशब्दाची छाननी करणारा संपादक आणि वायफळ बडबडीचे सोंग घेणारा विनोदकार एकाच व्यक्तीत नांदत होते. या सोंगामागे भाषेचे कसून केलेले नियंत्रण होते, हे त्यावरून ध्यानात यावे.

मराठीत विनोदाला स्वतंत्र वाङ्मयीन प्रतिष्ठा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी मिळवून दिली. १९०२ पासून त्यांनी लिहिलेल्या लेखांचा ‘सुदाम्याचे पोहे’ हा संग्रह १९१० मध्ये आला. कोल्हटकरांचा विनोद मुख्यतः कोटी, अतिशयोक्ती आणि उपरोध यांवर उभा आहे. सुदाम्याच्या बोलण्यामागे लेखकाची तल्लख बुद्धी सतत जाणवते. जोशींनी ही बुद्धी निवेदकाकडून काढून घेतली आणि वाचकाच्या हाती दिली. चिमणराव विनोद करीत नाही. तो आपली हकिगत अत्यंत गंभीरपणे, सज्जनपणे आणि सविस्तर सांगतो. आपण काय सांगून बसलो आहोत, हे त्याला उमगत नाही. वाचकाला मात्र उमगते. गुंड्याभाऊचा दणकट रोखठोकपणा आणि पत्नी काऊची व्यवहारदृष्टी यांमुळे हे अंतर अधिकच ठळक होते.

येथे मार्क ट्वेनची आठवण होणे स्वाभाविक आहे. सॅम्युएल क्लेमेन्स (१८३५–१९१०) याने हकलबेरी फिन या मुलाच्या तोंडी कथा ठेवून हेच साधले. पळालेल्या गुलामाला साहाय्य करताना आपण पाप करीत आहोत, असे हक प्रामाणिकपणे समजतो, आणि त्याच्या या समजुतीतूनच वाचकाला समाजाची नीती उघडी पडलेली दिसते. कर्ज फेडण्यासाठी काढलेल्या व्याख्यानदौऱ्यात ट्वेन १८९६ च्या प्रारंभी मुंबईस आणि बडोद्यासही येऊन गेला होता. या योगायोगावरून प्रभाव सिद्ध करू पाहणे व्यर्थ आहे. साम्य आहे ते तंत्राचे. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. हक समाजाच्या कडेला राहतो आणि अखेर त्याच्या बाहेर पडू पाहतो. चिमणराव समाजाच्या अगदी मध्यभागी आहे. कुटुंब, कचेरी आणि लौकिक यांबाहेर जाण्याची कल्पनाही त्याला शिवत नाही. म्हणून ट्वेनचा उपरोध धारदार होतो, तर जोशींचा करुणेकडे झुकतो.

म्हैसूरमध्ये बसून हा विचार करताना आर. के. नारायण यांचे उदाहरण टाळता येत नाही. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (१९३५) हे चिमणरावाच्या पहिल्या संग्रहांचे समकालीन आहे आणि त्याचेही विश्व मध्यमवर्गीय घरांचेच आहे. मात्र तेथे तृतीयपुरुषी निवेदक पात्रांकडे किंचित दुरून, मिस्कील ममतेने पाहतो. शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’ (१९८६) या दूरदर्शन मालिकेत ही दृष्टी बऱ्याच अंशी टिकली, कारण कॅमेरा स्वभावतःच बाहेरून पाहतो. चिमणरावाच्या बाबतीत हे शक्य नव्हते. ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांत दामूअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी, तर पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ही जोडी अविस्मरणीय केली. तथापि पडद्यावर चिमणराव आपल्याला दिसतो. पुस्तकात आपण त्याच्या नजरेतून पाहत असतो. निवेदनातील ‘मी’ प्रसंगातील ‘तो’ झाला की सांगणे आणि समजणे यांतील अंतर मिटते. मागे उरतो तो फजिती पावणारा एक भोळा माणूस.

अनुवादकासमोरची कसोटीही हीच आहे. प्रसंग कोणत्याही भाषेत नेता येतील. पण शिष्टसंमत मराठीत चिमणराव ज्या आत्मविश्वासाने स्वतःचीच फजिती नोंदवितो, तो स्वर नेणे कठीण आहे. कन्नडमध्ये टी. पी. कैलासम् यांनी सुशिक्षितांच्या इंग्रजीमिश्रित घरगुती बोलीला रंगभूमीवर प्रतिष्ठा दिली, म्हणजे त्या वर्गाच्या भाषिक ऐटीसाठी तेथे साधने उपलब्ध आहेत. परंतु चिमणरावाचा अनुवाद मूळ लेखनापेक्षा अधिक ‘विनोदी’ झाला, तर तो फसला असे समजावे. निवेदक जितका गंभीर राहील तितका वाचक हसेल, हा जोशींच्या कलेचा नियम आहे. त्यांचा वारसा या दोन पात्रांपुरता मर्यादित नाही. वाचकाच्या समजुतीवर त्यांनी टाकलेला विश्वास हा त्याचा अधिक मोलाचा भाग आहे.