जॅझ स्टँडर्डवर गिटारने सोलो वाजविण्याचे शिक्षण : स्वर, बोटे आणि कान

प्रस्तावना

जॅझ संगीतात 'स्टँडर्ड' ही संज्ञा वादकांच्या सामायिक भांडारातील रचनांसाठी वापरली जाते. साधारणतः १९२० ते १९५० या काळात अमेरिकेतील ब्रॉडवेची संगीत नाटके, चित्रपट आणि गीतप्रकाशनाचा व्यवसाय यांतून जी गीते निर्माण झाली, त्यांपैकी कित्येक जॅझवादकांनी आपलीशी केली. जॅझवादकांच्या स्वतःच्या रचनाही पुढे या भांडारात समाविष्ट झाल्या. पूर्वी कधीही एकत्र न आलेले चार वादक केवळ रचनेचे नाव आणि पट्टी ठरवून वाजवू लागतात, ते या भांडारामुळेच. प्रथम मूळ चाल वाजविली जाते. त्यानंतर तिच्याखालील कॉर्डचा क्रम पुनःपुन्हा फिरत राहतो आणि त्यावर एकेक वादक उत्स्फूर्त स्वररचना करतो. या उत्स्फूर्त वादनास सोलो म्हणतात.

गिटार शिकणारा विद्यार्थी काही वर्षांत कॉर्ड व स्केल आत्मसात करतो, त्याची बोटेही वेगाने चालू लागतात. तरीही त्याचा सोलो ऐकताना पुष्कळदा गाणे ऐकू येत नाही. खटकणारा स्वर क्वचितच आढळतो, परंतु एका गाण्यावरील सोलो दुसऱ्या गाण्यावर ठेवला तरी फारसा फरक पडणार नाही, अशी त्याची अवस्था असते. असे का घडते आणि त्यावर कोणत्या मार्गाने मात करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बदलता आधार

रागसंगीताशी परिचित असलेल्या वाचकास हा प्रश्न तुलनेने समजून घेता येईल. रागात तानपुऱ्यावरील षड्ज अढळ असतो आणि प्रत्येक स्वराचे नाते त्या एका षड्जाशी जोडलेले असते. जॅझ स्टँडर्डमध्ये कॉर्ड बहुधा दर मात्रागटाला बदलते आणि कॉर्ड बदलली की वाजत असलेल्या स्वराचे नातेही बदलते. स्टँडर्डची एक फेरी बहुतेक वेळा ३२ मात्रागटांची असते; तिला 'कोरस' म्हणतात. तिची तुलना तालाच्या आवर्तनाशी करण्याचा मोह होतो व ती काही अंशी योग्यही आहे. मात्र येथे समेवर अचूक येणे पुरेसे नसते. बत्तिसांपैकी प्रत्येक घराला स्वतःचा स्वराधार असतो आणि वादकाने त्या घरातून जाताना तेथील ओळख दाखवावी, अशी अपेक्षा असते.

'ऑटम लीव्हज'ची पहिली आठ घरे

जोसेफ कोस्मा याने १९४५ मध्ये रचलेली ही चाल मूळ फ्रेंच असून त्या गीताचे शब्द झाक प्रेव्हेर या कवीचे आहेत. इंग्रजी शब्द जॉनी मर्सर याने लिहिले. कॅननबॉल ॲडर्ली याच्या 'समथिंग एल्स' या १९५८ च्या ध्वनिमुद्रिकेत, माइल्स डेव्हिसच्या सहभागाने, ती वाजविलेली आहे. विद्यार्थ्याला जे स्टँडर्ड आरंभी शिकविले जातात, त्यांत तिचा समावेश हमखास असतो.

जी मायनर या पट्टीत तिच्या पहिल्या आठ घरांतील कॉर्ड अशा येतात : सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, ई फ्लॅट मेजर सेव्हन, ए हाफ डिमिनिश्ड, डी सेव्हन आणि शेवटी दोन घरे जी मायनर. जी हा षड्ज मानल्यास या कॉर्डचे मूळ स्वर मध्यम, कोमल निषाद, कोमल गंधार, कोमल धैवत, रिषभ, पंचम आणि षड्ज असे पडतात. मूळ स्वर वाजविण्याचे काम बहुधा बेसवादक करीत असतो. कॉर्डचा स्वभाव ठरतो तो तिच्या तिसऱ्या व सातव्या स्वराने. म्हणून सोलो वाजविणाऱ्याने प्रथम या दोन स्वरांचा माग काढावा, असे सांगितले जाते.

हा माग काढला असता एक विलक्षण गोष्ट दिसून येते. पहिल्या कॉर्डचा सातवा स्वर कोमल गंधार आहे. तो अर्ध्या स्वराने उतरला की रिषभ येतो आणि तो दुसऱ्या कॉर्डचा तिसरा स्वर असतो. तिसऱ्या घरात रिषभ जागचा हलत नाही, पण आता तो कॉर्डचा सातवा स्वर झालेला असतो. पुढे षड्ज चौथ्या घरात तिसरा, तर पाचव्या घरात सातवा. सहाव्या घरात शुद्ध निषाद आणि सातव्यात कोमल निषाद. स्वर तोच राहतो, त्याचे नाते बदलते. आणि नाते बदलले की तो खाली सरकण्यास मोकळा होतो. गिटारच्या दुसऱ्या तारेवर ही रेषा ११, १०, १०, ८, ८, ७ आणि ६ या फ्रेटवर मिळते. दर घरात एकच स्वर, तोही सावकाश. तेवढ्यानेच गाण्याची गती कानाला कळते. (शेवटी कोमल निषादाऐवजी षड्जावर चढणारे वादकही अनेक आहेत. शुद्ध निषादाचा ओढा तिकडेच असल्याने तेही स्वाभाविक आहे.)

मूळ चालीकडे पाहिल्यास संगीतकाराने हेच तत्त्व आधीच योजलेले आढळते. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या घरात चाल ज्या दीर्घ स्वरावर येऊन थांबते, ते स्वर अनुक्रमे कोमल धैवत, पंचम, मध्यम आणि कोमल गंधार आहेत. आणि यांतील प्रत्येक स्वर त्या त्या कॉर्डचा तिसरा स्वर आहे. चाल नीट पाठ न करता सोलोकडे वळणे ही विद्यार्थ्यांची सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी घाई होय.

आता विद्यार्थी काय करतो, ते पाहता येईल. या आठ घरांतील कॉर्डचे सर्व स्वर आसावरी थाटात बसतात. अपवाद केवळ सहाव्या घरातील शुद्ध निषादाचा. विद्यार्थी आसावरीचेच सात स्वर आठही घरांवर फिरवीत राहतो. फारसे काही बिघडत नाही, म्हणून त्याला काही चुकल्याचे जाणवत नाही. परंतु ज्या ठिकाणी हार्मनी वळण घेते, तेथेच तो कोमल निषाद घेऊन पुढे निघून जातो. ब्लूज मुरलेल्या वादकाच्या हातात तोच कोमल निषाद रंग भरतो, हे खरे. तेथे तो जाणूनबुजून घेतलेला असतो.

वाद्याची सोय आणि अडचण

हा दोष गिटारवादकांत अधिक प्रमाणात दिसण्यामागे वाद्याची रचना आहे. दुसऱ्या व तिसऱ्या तारेतील अंतर वगळता शेजारच्या तारा चौथ्या स्वराच्या अंतराने लावलेल्या असतात. त्यामुळे बोटांचा एक आकृतिबंध शिकला की तो वर-खाली सरकवून कोणत्याही पट्टीत वाजविता येतो. पियानोवर किंवा सॅक्सोफोनवर पट्टी बदलली की बोटांची मांडणीच बदलते, त्यामुळे स्वराची ओळख टाळता येत नाही. त्यात भर अशी की गिटारवर एकच स्वर अनेक ठिकाणी सापडतो : पहिल्या मोकळ्या तारेचा स्वर दुसऱ्या तारेवर पाचव्या, तिसऱ्या तारेवर नवव्या आणि चौथ्या तारेवर चौदाव्या फ्रेटवर असतो. अशा वेळी बोटांना जागा माहीत असते, पण कानाला स्वर माहीत असतोच असे नाही.

दुसरी अडचण श्वासाची आहे. सुषिर वाद्य वाजविणाऱ्यास थांबावेच लागते आणि त्या थांबण्यातून वाक्य तयार होते. गिटारवादकास अशी सक्ती नसल्याने तो विरामाविना वाजवीत राहतो. यावरील जुना उपाय म्हणजे वाजविताना तेच स्वर गाणे. जॉर्ज बेन्सनने सोलोबरोबर गाण्याची ही रीत 'ब्रीझिन' या १९७६ च्या ध्वनिमुद्रिकेतून लोकप्रिय केली. अभ्यासात मात्र ती प्रदर्शनासाठी नसून तपासणीसाठी असते : जे गाता येत नाही, ते बोटांनी परस्पर वाजविलेले असते.

अनुकरणाचा मार्ग

विद्युत गिटारला जॅझमध्ये सोलो वाद्याचे स्थान मिळवून देणारा चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि मार्च १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी क्षयाने निधन पावला. त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून इंडियानापोलिसच्या वेस माँटगोमेरीने त्याचे सोलो स्वरन् स्वर उतरविले. त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हते, आणि आरंभीच्या काळात एका क्लबमध्ये तो ख्रिश्चनचेच सोलो वाजवीत असे. १९६० च्या 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार' या ध्वनिमुद्रिकेत मात्र ऐकू येतो तो सर्वस्वी स्वतंत्र वादक : अंगठ्याने छेडलेल्या एकेरी स्वरांपासून तो सप्तकांच्या जोडीकडे आणि तेथून भरीव कॉर्डकडे सोलो चढवीत नेतो. जँगो राइनहार्टचे उदाहरणही येथे स्मरावे. १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी झाल्यावर त्याने मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर आपले सोलो उभे केले. बोटांच्या आकृतिबंधांवर विसंबण्याची सोयच त्याला राहिली नव्हती.

संस्थात्मक शिक्षण वाढले, तशी ही पद्धत मागे पडत गेली. बॉस्टनमध्ये १९४५ मध्ये स्थापन झालेली संस्था पुढे बर्कली या नावाने प्रसिद्ध झाली. जेमी एबरसोल्ड याने १९६७ पासून ध्वनिमुद्रित साथीचे संच प्रकाशित केले. १९७० च्या दशकात बॉस्टनमध्येच अनधिकृतपणे तयार झालेल्या 'रिअल बुक'ने चाल व कॉर्ड प्रत्येकाच्या हाती दिल्या (तिची अधिकृत आवृत्ती २००४ मध्ये निघाली). प्रत्येक कॉर्डसाठी एक स्केल नेमून देण्याची पद्धत वर्गात शिकविण्यास सोयीची आहे आणि परीक्षेस तर फारच सोयीची. तिने स्वरांची निवड समजते. एका घरातून दुसऱ्या घरात कसे जावे, हे समजत नाही.

मुंबईत या प्रश्नाची उलट बाजू दिसली. लिऑन ॲबीचा वाद्यवृंद १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात आला. मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. चर्चच्या शाळांत स्वरलेखनाचे पक्के शिक्षण घेतलेल्या या वादकांना कागदावरचे काहीही वाजविता येत असे, परंतु कागदावर नसलेले वाजविण्यासाठी त्यांना ध्वनिमुद्रिका आणि शेजारी बसलेले वादक यांच्याकडेच कान लावावा लागला. आँतोनियो झेव्हियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांनी ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगचा आदर्श ठेवला, तोही याच मार्गाने.

अध्यापनाच्या दृष्टीने एक साधी कसोटी उपयुक्त ठरते. विद्यार्थ्याने सोलो वाजविताना साथ बंद करावी. दुसऱ्या विद्यार्थ्याने गिटारकडे पाठ करून बसावे आणि सहावे घर आले की हात वर करावा. पहिल्या काही आठवड्यांत हात चुकीच्या जागी वर होतो किंवा होतच नाही. तेव्हा नवे स्केल न देता पुन्हा ११, १०, १०, ८, ८, ७, ६ या फ्रेटवरील रेषेकडे जावे, ती आधी गाऊन घ्यावी, मग दर घरात एखादाच स्वर वाढवावा.