जामखेडच्या आरोग्यसेविका

मुलांनो, घरात धाकट्या भावंडाला जुलाब झाले, की आईला कामावर जाता येत नाही. आई शेतमजूर असेल, तर तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. रोज बुडाला, की घरात बाजार कमी येतो. पोटभर जेवण मिळाले नाही, की मूल पुन्हा आजारी पडते. ही साखळी तोडायची कोठे?

जामखेड हा अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दुष्काळी तालुका. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. आसपासच्या खेड्यांत तेव्हा दर १,००० बाळांपैकी सुमारे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. तुमच्या वर्गात तीस मुले असतील, तर पाच जागा रिकाम्या, असे समजा! औषध घेऊन बरे झालेले मूल घरी जाऊन पुन्हा तेच खराब पाणी पिई. एकट्या दवाखान्याने हे भागणार नव्हते.

मग गावांनीच आपापल्या गावातली एकेक बाई निवडली. त्यांतील बऱ्याच जणींना अक्षरओळखही नव्हती. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि गावात जाऊन इतरांना शिकवत. जुलाब झालेल्या मुलाला काय द्यावे? एक लिटर उकळून गार केलेले पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. शरीरातले पाणी कमी झाल्याने मूल दगावते. म्हणून ते घोटघोट परत द्यायचे. मूल मलूल झाले, तर मात्र तडक दवाखाना गाठायचा.

यांपैकीच एक मुक्ताबाई. १९८८ साली त्या अमेरिकेत, वॉशिंग्टनला एका मोठ्या सभेत बोलल्या. सभागृहातील महागडे, झगमगते दिवे म्हणजे डॉक्टर आणि आपण साधी पणती, असे त्यांनी सांगितले. पण पणतीने दुसरी पणती लावता येते ना!

मुले धडधाकट राहू लागली, तशी बायकांना कामाला सवड मिळाली. त्यांनी महिला मंडळे काढली. कर्ज घेऊन कोणी शेळ्या पाळल्या, कोणी बांगड्या विकल्या. हातात स्वतःचे पैसे आल्यावर घरात त्यांच्या शब्दाला वजन आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील बालमृत्यू हजारी तिसाच्या खाली उतरले होते.

जामखेडला पुढे देशोदेशीचे डॉक्टर शिकायला येऊ लागले. त्यांना शिकवायला पुष्कळदा उभी राहते, ती खेड्यातलीच एखादी बाई.