मालाचा हिशेब ठेवता, थंडाव्याचा का नाही?

पळस्पे फाट्यावर पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा महामार्ग वेगळे होतात. कोकणची मासळी व आंबा याच वाटेने मुंबईकडे येतो. जवळच तळोज्याला मासळी गोठवणारे कारखाने आणि शीतगृहे आहेत. या धंद्यात आमचे कितीतरी बांधव आहेत. किलोकिलोचा हिशेब ठेवणारा व्यापारी विजेचे बिल आले की मात्र दराला दोष देऊन गप्प बसतो. यंत्र किती थंडावा देते, हे त्याने कधी मोजलेलेच नसते.

थंडावा 'टना'त मोजतात. सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन. म्हणजे तासाला 3024 किलोकॅलरी. यंत्रावर '20 टन' लिहिले आहे म्हणून ते 20 टन देतेच असे नाही.

मोजणी घरच्या घरी होते. कंडेन्सरमधून परतणारे सगळे पाणी 200 लिटरच्या पिंपात सोडा. पिंप 36 सेकंदांत भरले, तर तासाला 20,000 लिटर पाणी फिरते. आत जाणारे आणि बाहेर येणारे पाणी यांत 4 अंशांचा फरक असेल, तर 80,000 किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. कॉम्प्रेसर 25 किलोवॅट वीज घेत असेल, तर तिची उष्णता (25 गुणिले 860) 21,500 वजा करा. उरले 58,500, म्हणजे सव्वाएकोणीस टन. टनामागे वीज 1.3 किलोवॅट. मोटारची थोडी उष्णता हवेत जाते, म्हणून हा आकडा अंदाजी. पण खोलीचे तापमान तेच ठेवून दरमहा लिहिला, तर यंत्र कुठे घसरते ते लगेच कळते.

आकडा वाढला तर आधी कूलिंग टॉवर पाहा. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून हवेत धरा; त्याहून थंड पाणी कोणताही टॉवर देऊ शकत नाही. म्हणून आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात टॉवरला उगाच दोष देऊ नये. पण फरक 3 ते 5 अंशांहून बराच जास्त असेल, तर जाळ्या तुंबल्या आहेत किंवा पंखा ढिला आहे. त्यानंतर कंडेन्सरच्या नळ्यांतील क्षार. आणि दरवाजा! हमाल माल चढवताना तो उघडाच राहतो, दमट हवा आत शिरते आणि कॉइलवर हिमाचा थर चढतो.

अमोनियाच्या वाहिनीला मात्र जाणकाराखेरीज कोणी हात लावू नये. त्याने नळ्या साफ केल्या की पैसे चुकते करण्यापूर्वी पिंपाची आणि थर्मामीटरची तीच मोजणी त्याच्यासमोर पुन्हा करावी.