ज्वारीच्या दाण्यातील लिपी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे प्राचीन गाव आहे. तेथील दगडी मंदिरे पाहणाऱ्याला एक गोष्ट प्रथम जाणवते, ती ही की, चुन्याचा आधार न घेता केवळ चिऱ्यात चिरा बसवून ही कामे उभी केलेली आहेत. या बांधणीस लोक हेमाडपंती म्हणतात. असे एखादे देऊळ ढासळून त्याचे चिरे शिवारभर विखुरले, तर ते पुन्हा उभारण्यास दोन गोष्टी हव्यात: एक मूळ रचनेचा नकाशा, आणि दुसरी प्रत्येक चिरा त्या नकाशाशी ताडून पाहण्याची चिकाटी. त्याच शिवारात रब्बीला पिकणाऱ्या ज्वारीचा दाणा घेतला आणि त्यातील आनुवंशिक लिपी वाचावयाची म्हटली, तर शास्त्रज्ञापुढे नेमके हेच काम उभे राहते. भेद इतकाच की, येथे चिऱ्यांची संख्या कोटींनी मोजावी लागते.

ज्वारीचा जनुकसंच म्हणजे दहा गुणसूत्रांवर पसरलेला सुमारे ७३ कोटी अक्षरांचा ग्रंथ होय. या ग्रंथाची वर्णमाला केवळ चार अक्षरांची आहे. सध्या सर्रास वापरली जाणारी वाचनयंत्रे हा ग्रंथ सलग वाचू शकत नाहीत. ती त्याचे बारीक तुकडे करतात आणि दीडदीडशे अक्षरांचा एकेक तुकडा वाचून देतात. चूक राहू नये म्हणून प्रत्येक स्थळ सरासरीने तीस वेळा वाचावयाचे ठरविले, तर एका रोपाचे १४ ते १५ कोटी तुकडे हाती येतात. हे तुकडे नकाशावर जागच्या जागी बसविणे आणि नकाशाहून कोठे कोणते अक्षर भिन्न आहे ते सांगणे, हे काम संगणकातील आज्ञावल्यांचे, म्हणजे सॉफ्टवेअरचे असते.

हा खटाटोप कशासाठी, असे सुजाण श्रोत्याच्या मनात येईल. रब्बी ज्वारी बहुधा जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर वाढते. दाणा भरण्याच्या वेळी तो ओलावा संपला की पाने करपतात आणि ताटे खडखड्या रोगाने लोळतात. बीटीएक्स ६४२ या वाणात मात्र फुलोऱ्यानंतरच्या अवर्षणातही पाने हिरवी ठेवण्याचा गुण आढळला, आणि त्या गुणाशी निगडित अशी जनुकसंचातील चार प्रमुख स्थाने निश्चित झाली. संकर केलेल्या शेकडो रोपांतून ही स्थाने कोणत्या रोपात उतरली आहेत हे अक्षरे वाचून कळले, तर निवडीचे काम पुष्कळ सुकर होते. परभणी येथे १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथून २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे अधिक लोह व जस्त असलेले ज्वारीचे वाण प्रसारित झाले, ते हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने. नवे वाण सिद्ध होण्यास कित्येक वर्षे लागतात. निवड चुकली तर केवळ एक तक्ता वाया जात नाही, तर रब्बीचे हंगामच्या हंगाम वाया जातात.

हे गणित दूरच्या संगणकावर पाठवूनही करता येते. परंतु एका नमुन्याची उलगडलेली फाइल ५० गिगाबाइटच्या घरात जाते. शंभर रोपांची माहिती मंद जोडणीवरून धाडणे म्हणजे घागरीने विहीर उपसणे होय. शिवाय स्थानिक वाणांची माहिती संस्थेतच राहावी, आणि विद्यार्थ्यांना हे काम स्वहस्ते शिकता यावे, हीही कारणे आहेत. यास्तव प्रयोगशाळेतच एक बलाढ्य संगणक, म्हणजे स्थानिक सर्व्हर, बसविण्याकडे अनेकांचा कल असतो. त्याला अखंड वीज हवी. गणित ऐन रंगात असता वीज गेली, तर रात्रभराचे काम अर्धवट तुटते. म्हणून बॅटरीची जोड ही चैन नसून पहिली गरज आहे.

यंत्र आले म्हणजे काम झाले असे नाही. त्यावर बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली असते आणि निरनिराळ्या विद्वानांनी निरनिराळ्या काळी लिहिलेल्या आज्ञावल्या तीवर मांडाव्या लागतात. तुकडे नकाशावर बसविणारी ‘बीडब्ल्यूए’ आणि बसविलेले तुकडे क्रमवार लावणारी ‘सॅमटूल्स’ या दोन्ही २००९ सालच्या. भेद शोधणारी ‘जीएटीके’ त्यांच्या मागोमाग आली. या प्रत्येकीची मदतनीसांची मागणी वेगळी. जीएटीकेच्या जुन्या आवृत्तीस जावा ही भाषा आठव्या क्रमांकाची लागे, तर २०२३ पासूनच्या आवृत्तीस सतरावी लागते. एकीसाठी केलेला बदल दुसरीस बाधतो, आणि काल चालणारे यंत्र आज रुसते. यावर उपाय असा की, प्रत्येक कामासाठी स्वतंत्र कोठी करावी आणि तीत त्या कामापुरत्याच आज्ञावल्या, त्यांच्या आवृत्तींचे क्रमांक नोंदवून, ठेवाव्यात. ‘कोंडा’ नावाची व्यवस्था हेच करते. एकीचे पीठ दुसरीच्या डब्यात पडू न देणाऱ्या गृहिणीची शिस्त ती हीच.

आता बिघाडांकडे वळावे. त्यांच्या दोन जाती आहेत: ओरडणारे आणि मुके.

ओरडणारा बिघाड काम थांबवितो आणि पडद्यावर कारण लिहितो. उदाहरणार्थ, क्रम लावण्याचे काम मध्येच बंद पडते आणि ‘मारले गेले’ एवढाच शेरा उमटतो. नवशिक्याला वाटते, आज्ञावली सदोष आहे. वस्तुतः सॅमटूल्सला निराळे काही न सांगितल्यास ती क्रम लावताना प्रत्येक धाग्यामागे ७६८ मेगाबाइट स्मृती घेते. कोणी उत्साहाने ३२ धागे नेमले, तर तेवढ्यानेच २४ गिगाबाइट खर्ची पडतात. स्मृती संपली की लिनक्स सर्वांत खादाड कामाचा गळा आवळते. धागे कमी केले की हे दुखणे बरे होते. स्मृतीप्रमाणे तबकडीवरील जागाही आधी मोजावी. क्रम लावताना तात्पुरत्या फाइलीही बरीच जागा अडवितात.

मुका बिघाड याहून घातक. तो काम पुरे करतो, नीटनेटका तक्ता देतो, आणि तो तक्ता खोटा असतो. ज्वारीच्या नकाशाच्या एका आवृत्तीत पहिल्या गुणसूत्राचे नाव ‘क्रोमोसोम_१’ असे आहे, दुसरीत ‘सीएचआर०१’, तर तिसरीकडे नुसते ‘१’. तुकडे एका नकाशावर बसविले आणि जनुकांची यादी दुसऱ्याची घेतली, तर काही आज्ञावल्या तक्रार करतात. काही मात्र मुकाट्याने रिकामे उत्तर देतात. संशोधक समजतो, या जनुकात भेदच नाही. तसेच काही फाइलींत अक्षरांची मोजणी शून्यापासून होते, काहींत एकपासून. हा भेद विसरला की शोधलेले स्थान एका घराने सरकते. वीज गेल्याने तुटलेली फाइलही पुष्कळदा अखंडच दिसते. मात्र अशा संकुचित फाइलीच्या शेवटी २८ बाइटांची एक समाप्तीची खूण असते. ती आहे की नाही हे क्षणात तपासता येते, आणि तपासावेच.

मुक्या बिघाडांतील सर्वांत सूक्ष्म प्रकार नकाशातच दडलेला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेला ज्वारीचा मूळ नकाशा बीटीएक्स ६२३ या टेक्ससमधील वाणाचा आहे. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडी ३५-१ या ज्वारीत जे अक्षरसमूह आहेत, पण त्या अमेरिकन वाणात नाहीत, त्यांचे तुकडे या नकाशावर कोठेच बसत नाहीत, आणि आज्ञावली ते बाजूस टाकते. परक्या देवळाच्या नकाशावर चारठाण्याचे चिरे मांडू जावे आणि उरलेले चिरे निरुपयोगी म्हणून फेकून द्यावेत, तसाच हा प्रकार. कदाचित ज्या गुणासाठी हा सारा खटाटोप, तो त्या फेकलेल्या चिऱ्यांतच असावयाचा. म्हणून न बसलेल्या तुकड्यांची संख्या दर वेळी पाहावी. ती अकस्मात वाढली तर थांबून कारण शोधावे.

मग विश्वास ठेवावा तरी कशावर? ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न यंत्राला प्रथम घालावा. इ. कोलाय या जंतूचा जनुकसंच १९९७ सालीच पूर्ण वाचला गेला; तो सुमारे ४६ लाख अक्षरांचा, म्हणजे ज्वारीच्या दीडशेव्या हिश्श्याहूनही लहान. त्याच्या नकाशावरून कृत्रिम तुकडे पाडावेत, त्यांत मोजके भेद मुद्दाम पेरावेत आणि नव्या मांडणीवर चालवून पाहावे. पेरलेले भेद सर्व सापडले, आणि न पेरलेले दिसले नाहीत, तर मांडणी विश्वासार्ह आहे असे समजावे. हे काम थोडक्या वेळात उरकते. आज्ञावलीची आवृत्ती बदलली की हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि कोणता नकाशा, कोणती आवृत्ती, कोणती आज्ञा हे दर वेळी वहीत तारखेनिशी लिहावे.

ही परीक्षा घेण्याचा कंटाळा अनेकांना येतो, कारण तीतून नवे ज्ञान काहीच मिळत नाही. जे ठाऊक आहे तेच पुन्हा कळते. परंतु तराजू तोलताना दुकानदार आधी रिकामी पारडी समपातळीत आहेत की नाहीत ते पाहतो, आणि गिऱ्हाइकही त्याला ते पाहू देते. जनुकसंचाच्या तक्त्यावर विसंबून रब्बीचे बी निवडले जाणार असेल, तर ते बी पेरणाऱ्या शेतकऱ्याला तक्ता तपासून पाहता येत नाही. त्याच्या वतीने रिकामी पारडी पाहण्याचे काम संगणकापुढे बसणाऱ्यालाच केले पाहिजे.