फुकटात उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामर्सच्या जिवावर कोट्यवधींची कंपनी उभी राहिली, पण आता प्रश्नच आटलेत

हिंजवडी असो नाहीतर बेंगळुरू, कोड लिहिताना एरर आला की प्रोग्रामर एक काम हमखास करायचा. एरर कॉपी करून थेट गुगलवर टाकायचा. बऱ्याचदा वरच लिंक दिसायची स्टॅक ओव्हरफ्लोची. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी तोच प्रश्न आधी विचारलेला असायचा आणि अनोळखी माणसानं त्याचं उत्तर दिलेलं असायचं. तेही फुकट.

हा कट्टा २००८ साली जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की या दोघांनी सुरू केला. त्याआधीही अशा साईट्स होत्या, पण कुठं उत्तर बघायला पैसे मागायचे, तर कुठं कामाचं उत्तर पानभर गप्पांमध्ये हरवून जायचं. या दोघांनी नियम साधा ठेवला. गप्पा नकोत, फक्त प्रश्न आणि उत्तर. चांगलं उत्तर मतं मिळवून वर येणार.

आता तुम्ही म्हणाल, नोकरी सांभाळून फुकट उत्तरं द्यायला लोकांना वेळ कुठून मिळायचा?

तर त्याचं कारण होतं पॉइंट्स. उत्तराला एक मत मिळालं की १० पॉइंट्स. प्रश्न विचारणाऱ्यानं ते उत्तर स्वीकारलं की आणखी १५. पॉइंट्स वाढले की अधिकारही वाढायचे. २००० पॉइंट्स झाले की दुसऱ्याचं लिखाण थेट सुधारता यायचं. पैसा नव्हता, पण आपल्याच धंद्यातल्या माणसांकडून मान मिळायचा. आणि तो मान बॉसच्या कौतुकापेक्षा भारी वाटायचा, कारण काम किती अवघड होतं हे समोरच्याला कळत होतं.

याची किंमत २०२१ मध्ये दिसली. प्रोसस या कंपनीनं स्टॅक ओव्हरफ्लो १८० कोटी डॉलर्सना विकत घेतली.

पण पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. काही दिवसांतच त्याच्याकडून लिहून घेतलेल्या उत्तरांचा इथं पाऊस पडला. ती दिसायला पक्की, पण बरीचशी चुकीची. म्हणून स्टॅक ओव्हरफ्लोनं अशा उत्तरांवर बंदी घातली.

खरा फटका मात्र वेगळाच होता. लोकांनी प्रश्न विचारणंच कमी केलं. तसं नवख्यांना इथं तुसडी वागणूक मिळते ही तक्रार जुनीच. एआय मात्र कितीही बाळबोध प्रश्न विचारला तरी चिडत नाही.

मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनं ओपनएआयसोबत करार केला. आपल्या मेहनतीवर एआय पोसलं जाणार म्हणून काही जण भडकले आणि स्वतःचीच उत्तरं खोडायला लागले. तेव्हा साईटनं त्यांची खाती काही दिवस बंद ठेवली.

यात गोम अशी आहे की एआय शिकलं ते माणसांनी उघड्यावर लिहिलेल्या अशाच उत्तरांतून. आता प्रश्न बंद चॅटमध्ये विचारला जातो आणि उत्तरही तिथंच राहतं. तीच अडचण आलेल्या दुसऱ्या कुणाला ते सापडत नाही. डॉक्टर, सीए, शेतकरी यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचंही तेच. मदत लगेच मिळते, पण दोनच दिवसांत ती गुड मॉर्निंगच्या मेसेजखाली गाडली जाते.

उद्या नवी भाषा, नवं सॉफ्टवेअर येईल. त्यातली पहिली चूक कुणीतरी माणूसच करणार आणि ती दुसरा माणूसच सुधारणार. फक्त ते सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहून ठेवणारं कुणी उरलंय का, प्रश्न तेवढाच आहे.