हिरडीखाली विरघळणारा पडदा : दंतरक्षणात जैवविघटनशील पॉलिमर

पायरिया म्हणजे हिरड्यांतून रक्त येणे, एवढीच अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात या विकारात दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड आतल्या आत झिजते आणि न किडलेला दातही हलू लागतो. असा दात काढण्याऐवजी त्याचा गमावलेला आधार पुन्हा निर्माण करण्यासाठी जैवविघटनशील, म्हणजेच शरीरात आपोआप विरघळणाऱ्या पॉलिमरचा उपयोग केला जातो.

पोलाद कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या छत्तीसगडमधील भिलई येथे रुंगटा दंतविज्ञान व संशोधन महाविद्यालय आहे. या परिसराला हा विषय दूरचा नाही. महाराष्ट्रात जशी मिश्री, तसा छत्तीसगडमध्ये 'गुडाखू' हा तंबाखू व गुळाचा लगदा दातांना घासण्याची सवय आढळते, आणि तंबाखूमुळे हिरड्यांचे विकार बळावतात.

शस्त्रक्रियेनंतर जखम भरताना पेशींमध्ये जणू शर्यत लागते. हिरडीच्या वरच्या थरातील पेशी सर्वांत वेगाने वाढतात व मुळालगतची पोकळी व्यापतात; हाड आणि दाताला हाडाशी जोडणारे तंतू मागे पडतात. मध्ये पडदा ठेवून या वेगवान पेशींना अडविल्यास मागे पडलेल्या ऊतींना अवधी मिळतो, हे स्वीडनमधील स्टूर नीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मानवी दातावर दाखवून दिले. मात्र त्यानंतर प्रचारात आलेले टेफ्लॉनच्या जातीचे पडदे विरघळत नसत. ते काढण्यासाठी रुग्णाला दुसऱ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागे.

पॉलिलॅक्टिक व पॉलिग्लायकोलिक आम्लांपासून बनविलेल्या पडद्यांनी आणि प्राणिज कोलॅजेनने ही अडचण दूर केली. शरीरातील पाण्यामुळे पॉलिलॅक्टिक आम्लाची साखळी तुटते, लॅक्टिक आम्ल सुटते आणि अखेर त्याचे कार्बन डायऑक्साइड व पाण्यात रूपांतर होते. खरे कौशल्य वेळ साधण्याचे आहे. पडदा साधारण चार ते सहा आठवडे टिकावा लागतो. लवकर विरघळल्यास पेशी आत शिरतात. शिवाय सुटणारे आम्ल एका जागी साचल्यास सूज येऊ शकते. घटकांचे प्रमाण बदलून हा वेग कमी-अधिक करता येतो.

रुग्णाच्याच रक्तातून मिळणारे फायब्रिन हेही नैसर्गिक पॉलिमरच होय. फ्रान्समधील जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रक्त यंत्रात वेगाने फिरवून त्याचा पापुद्रा तयार करतात. त्यासाठी बाहेरची औषधी द्रव्ये लागत नसल्याने लहान शहरांतील दवाखान्यांनाही ही पद्धत सोयीची आहे.

अर्थात, प्रत्येक हलणारा दात यामुळे वाचत नाही. मुळालगत खोल व अरुंद खड्डा असल्यास गुण अधिक येतो. हाड सर्वत्र सारखेच खाली गेले असल्यास फारसा उपयोग होत नाही. मुखस्वच्छता न राखणाऱ्या व धूम्रपान करणाऱ्या रुग्णांमध्ये यशाचे प्रमाण घटते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी दात स्वच्छ करून घेण्यास आणि तंबाखू सोडण्यास सांगितले जाते.